वच्छलाबाईंचा स्टँड

वच्छलाबाईंच्या मनगटाचं हाड मोडलं तेव्हा मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभी होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं वाचताना माझी बाजू स्वच्छ होती असं कुणाला वाटायला नको.

मी नागपुरात, नंदनवनच्या अलीकडच्या एका इंग्रजी शाळेत मराठी शिकवते. शाळेच्या नावात एक संत आहेत, पण ट्रस्ट इथल्याच व्यापाऱ्यांचा. सबंध शाळेत ख्रिस्ती घरची मुलं मोजून सहा-सात. तरी नाताळ जोरात होतो, कारण पालकांना तो हवा असतो. एका ट्रस्टी साहेबांचं खाप्याच्या वाटेवर शेत आहे, बांधावर सुरूच्या झाडांची रांग आहे. दर डिसेंबरात त्यातलं एक नऊ-दहा फुटांचं झाड तोडून टेम्पोत घालून पाठवतात आणि ते हॉलच्या स्टेजवर ठेवलं जातं. कशात ठेवायचं, तर रंगाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बादलीत. आत गिट्टी आणि रेती, बाहेरून लाल चमकी कागद. हे काम चित्रकलेच्या ऋषिकेश सरांकडे.

वच्छलाबाई शाळेत आया. वीस वर्षं झाली. अंगाने किरकोळ, आवाज मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा. पहिलीच्या वर्गाच्या पायऱ्यांवर मोटरसायकल लावणाऱ्या एका वकील पालकाला त्यांनी भर पावसात गाडी उतरवायला लावली होती. मुलं त्यांना मावशी म्हणायची आणि वचकून असायची. बापाचं खाप्याला पत्र्याचं काम होतं. कोठ्या, चाळण्या, कंदील, बादल्या. लग्न होईपर्यंत वच्छलाबाई बापाच्या हाताखाली डाख द्यायच्या, म्हणजे पत्र्याचे सांधे वितळलेल्या कथलाने बुजवायच्या. शाळेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही कधी विचारलंच नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी स्टेजवर सूत्रसंचालनाच्या चिठ्ठ्या लावत बसले होते. झाड येऊन चार दिवस झालेले, सुकून पार पिवळं पडलेलं. सुया इतक्या गळायच्या की वच्छलाबाईंना दिवसातून तीनदा झाडावं लागे. त्या ऋषिकेश सरांना म्हणाल्या, "सर, हे झाड हालून राहिलं. बादलीचं बूड टेकत नाही."

सर दिव्यांच्या माळा सोडवत होते. वर न बघता म्हणाले, "मावशी, झाडाचं माझ्यावर सोडा. तुम्ही फरशी पाहा."

त्यांच्या त्या सुरावर मी हसलेसुद्धा होते.

अर्ध्या तासाने वच्छलाबाई स्टेजची फरशी पुसत होत्या आणि झाड कललं. त्यांनी ते थोपवायला हात वर केला. झाड आलं, मागोमाग गिट्टीने भरलेली बादली आली आणि उजवा हात बादली आणि स्टेजची कड यांच्यामध्ये सापडला. झाडाखाली ट्रस्टी साहेबांनी भेट दिलेला कॅसिओ कीबोर्ड होता. त्याचे दोन तुकडे झाले.

हाड जुळायला दीड महिना लागला. मेमो मात्र आठ दिवसांत तयार झाला. "कामातील हलगर्जीपणामुळे झाड पाडून शाळेच्या मालमत्तेचे नुकसान केले. पुन्हा असे घडल्यास सेवा समाप्त करण्यात येईल." प्रिन्सिपल कामिनी मॅडमच्या खोलीत तो वच्छलाबाईंपुढे ठेवला गेला. उजव्या हाताला प्लास्टर, म्हणून ऑफिसच्या क्लार्कने शाईचा पॅड पुढे केला आणि त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा उठवून घेतला. वच्छलाबाई सातवी शिकलेल्या आहेत. महिन्याच्या महिन्याला सही करून पगार घेतात. "थांबा, मी डाव्या हातानं लिवतो," असं त्या म्हणत होत्या, तोवर अंगठा उठलेला होता.

मलाही तिथे बोलावलं होतं. मग मॅडमनी पेन माझ्याकडे केलं. "नुसतं 'उपस्थित' म्हणून हो. तुम्ही तिथे होतात ना."

मी सही केली. त्या महिन्यात पर्यवेक्षकाची जागा भरायची होती आणि माझं नाव चर्चेत होतं. जागा पुढे दुसऱ्याच कुणाला मिळाली, पण सही माझ्याच हाताने झाली. वच्छलाबाई माझ्याकडे बघत होत्या. तिथून पुढे वर्षभर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. वर्गात खडू हवा असला तरी माझ्या टेबलावर आपटून जायच्या.

पुढच्या नोव्हेंबरात नाताळची मीटिंग झाली. कामिनी मॅडमनी कामं वाटली आणि शेवटी म्हणाल्या, "वच्छलाबाई, या वेळी तुम्ही झाडाजवळ जायचं नाही. हॉलची जबाबदारी मात्र तुमचीच. पुन्हा काही झालं तर माझा नाइलाज होईल."

वच्छलाबाई दाराशी उभ्या होत्या. "जवळ जायचं नाई, आन् पडलं तं मीच?"

ऋषिकेश सर मोबाइल बघत होते. मी वहीत काहीतरी लिहीत होते.

"बरं," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्या रविवारी त्या इतवारी बाजारात भावाच्या दुकानात गेल्या. हे मला पुढे त्या भावाने, देवरावांनी सांगितलं. बापामागे खाप्याचं दुकान मोडून देवरावांनी भांडे बाजारामागच्या एका बोळात पत्र्याचं काम सुरू केलं आहे. दुकान म्हणजे एक ओटा, वर ताडपत्री, समोरून सारख्या हातगाड्या आणि टेम्पो.

"आल्याबरोबर बाई म्हनली, देवा, मले झाड उभं करायचं एक ठाण करून पायजे," देवराव सांगत होते. "मी म्हनलं, बस, चहा घे. तं म्हनली, चहा गेला उडत. कोनतं हत्यार कुठी ठेवते तू, ते सांग."

त्यांना नेमकं काय हवं होतं हे त्यांनी वर्षभर डोक्यात घोळवलेलं असावं. झाड पडतं कारण बूड हलकं आणि अरुंद. झाड सुकतं कारण त्याला पाणी नाही. रेतीत पाणी ओतलं तर बादली आणखी डुगडुगते. तेव्हा वजन वेगळं, पकड वेगळी आणि पाणी वेगळं.

वजनासाठी त्यांनी भंगारातून डोशाच्या गाडीवरचा जुना तवा शोधला. जाड लोखंडी, हात पसरला तरी न मावणारा, एका कडेला तडकलेला. त्याच्यावर देवरावांनी लोखंडी पट्टीचे तीन पाय उभे वेल्ड केले आणि पायांच्या माथ्यावर बोअरच्या पाइपाचं चार बोटं रुंद कडं बसवलं. कड्याला तीन बाजूंनी भोकं, भोकांवर नट, नटांत लांब बोल्ट. बोल्ट आवळले की तिन्ही बाजूंनी बुंधा धरला जाणार. खाली पायांच्या मधोमध पाण्याची बादली. बोल्ट बादलीच्या तोंडाच्या वर, म्हणजे बादलीला एकही भोक नाही. बादलीच्या तळाशी तीन खिळे उलटे ठोकलेली लोखंडी चकती, म्हणजे बुंधा सरकायला नको.

"बादली तं प्लास्टिकची घे ना वं, बाई," देवराव म्हणाले होते. "समोरच भेटते."

"प्लास्टिकच्याच बादलीनं मोडला हा हात," त्या म्हणाल्या. "पत्रा काढ."

पत्रा त्यांनी स्वतः कापला. कात्री डाव्या हातात, कारण उजवं मनगट अजून पुरतं वळत नव्हतं. वळवून नळकांडं केलं, बूड बसवलं, सांधा साफ व्हायला नवसागर लावून डाख दिला. मग पदराच्या गाठीतून शाळेतला खडूचा तुकडा काढला, बादलीचे सगळे सांधे बाहेरून खडूने पांढरे केले आणि आत पाणी भरलं. जिथे गळती तिथे पांढऱ्यावर ओला डाग उठतो. पाच मिनिटांत बुडाच्या कडेला वीतभर काळी रेघ उमटली.

देवराव म्हणाले, "दे इकडे, मी वरून डाख फिरवतो, दोन मिनिटांचं काम आहे."

"हात नोको लावू!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की शेजारचा कुलपं विकणारा उठून आला. "दुखते म्हनून घडी बराबर दाबली नाई मी. वरून थापून काय होते? आतून गळन."

त्यांनी बूड पूर्ण सोडवलं. पत्र्याची कड पुन्हा उलटवली, एकावर एक दोनदा दुमडली आणि लाकडी हातोडीने गोल फिरत ठोकत बसल्या. दर ठोक्याला मनगटातून कळ जात असणार, कारण देवराव म्हणाले, बाई ठोकताना शिव्या देऊन राहिली होती. कोणाला, ते मी विचारलं नाही. त्यात माझंही नाव असणार. तिन्हीसांजेला बादली पुन्हा भरली. खडू पांढराच्या पांढरा राहिला.

"आता पाडून दाखवा म्हनाव," एवढंच त्या म्हणाल्या.

अठरा डिसेंबरला सकाळी त्या ऑटोतून तो सगळा संसार घेऊन शाळेत उतरल्या. मी गेटपाशीच होते. तवा उतरवायला चौकीदार गोविंदा आणि ऑटोवाला असे दोघं लागले. मी विचारलं, "वच्छलाबाई, हे काय?" त्या माझ्या अंगावरून गेल्या.

अकराला झाड आलं. ऋषिकेश सर परीक्षेच्या वर्गावर होते. वच्छलाबाईंनी गोविंदा आणि टेम्पोवाला यांना स्टेजवर घेतलं आणि स्वतः बरोबर चार फुटांवर, खडूने रेघ मारून, रेघेच्या अलीकडे उभ्या राहिल्या. कामिनी मॅडम तिथून जाताना थबकल्या.

"वच्छलाबाई, मी काय सांगितलं होतं?"

"जवळ जायचं नाई म्हनलं तुमी. मी दुरून सांगून राहिली."

मॅडमना फोन आला आणि त्या गेल्या. वच्छलाबाईंनी टेम्पोवाल्याकडून बुंध्याचं टोक बोटभर करवतीने कापून घेतलं. तो कुरकुरला तेव्हा म्हणाल्या, "कापल्यावर चिकानं तोंड बंद होते झाडाचं. मंग पानी कुठून पिईन? कर ना गा ताजं." झाड बादलीत उतरलं, खिळ्यांवर टेकलं, बोल्ट आवळले गेले. त्यांनी गोविंदाला झाड हलवायला लावलं. झाडाचा शेंडा हलला, बूड ढिम्म. मग बादलीत पाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली निम्मी झालेली. झाड रातोरात एवढं पाणी प्यायलं होतं. वच्छलाबाईंनी रेघेअलीकडे उभं राहून गोविंदाकडून ती पुन्हा भरून घेतली. तिसऱ्या दिवशीही झाड हिरवं होतं, फरशीवर सुया बोटावर मोजण्याइतक्या. मी हे सगळं रोज बघत होते. मला सांगायचं होतं की छान केलंत. ते न सांगताच मी वर्गाकडे वळायचे.

त्या दुपारी कामिनी मॅडम हॉलमध्ये आल्या, झाडाला हात लावून बघितला आणि ऋषिकेश सरांना म्हणाल्या, "वा! यंदा फारच छान सोय केलीत. पाणी वगैरे."

सर म्हणाले, "हो मॅडम. मागच्या वर्षीपासून डोक्यात होतं."

मी तिथेच होते. पुन्हा.

एकवीस तारखेला दुसऱ्या एका शाळेत 'टाकाऊतून टिकाऊ' अशी आंतरशालेय स्पर्धा होती. सरांनी आठवीतल्या तीन मुलांना हाताशी धरलं, वच्छलाबाईंच्या स्टँडचे फोटो काढले, थर्माकोलचं छोटं मॉडेल केलं, वर इंग्रजी नाव लिहिलं आणि घेऊन गेले. पहिलं बक्षीस मिळालं. हे मला तेवीस तारखेला कळलं, स्टेजवर, माईकसमोर, तीनशे पालक बसलेले असताना. ऑफिसमधून आलेल्या चिठ्ठ्यांत ती चिठ्ठी होती. "कलाशिक्षक ऋषिकेश सर यांच्या कल्पनेतून आणि मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी तयार केलेला, पाणी धरून ठेवणारा हा स्टँड..."

मी थांबले. दोनेक सेकंद असेन. हॉलच्या मागच्या दाराशी वच्छलाबाई पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

मग मी वाचलं. शेवटच्या शब्दापर्यंत, नीट, माझ्या त्या सूत्रसंचालनाच्या आवाजात. टाळ्या झाल्या. तीन मुलं आणि सर पुढे आले. ट्रस्टी साहेबांनी सर्टिफिकेट हातात घेतलं.

वच्छलाबाईंनी ट्रे जवळच्या खुर्चीवर ठेवला आणि मधल्या वाटेने चालत आल्या. पळत नाही, ओरडत नाही. पायऱ्या चढल्या. गोविंदाकडून बोल्ट आवळून घ्यायला रोज जवळ ठेवायच्या तो, कमरेला खोचलेला पाना काढला आणि सरळ झाडाकडे गेल्या.

"वच्छलाबाई!" कामिनी मॅडम खुर्चीतून म्हणाल्या. "खाली जा. कार्यक्रम चालू आहे."

त्यांनी पहिला बोल्ट सैल केला. मग वळून उभ्या राहिल्या. माईक त्यांच्यापुढे नव्हता, पण त्यांना तो लागत नाही.

"मागच्या साली झाड पडलं, तई माहं नाव लिवलं. अंगठा घेतला माहा. औंदा उभं राह्यलं, तं यांचं नाव लिवता?" पाना सरांकडे रोखलेला होता. "सर, सांगा ना सगळ्याईले, हा तवा कुठला आहे? बादलीले डाख कोनी देल्ला? सांगा."

सर म्हणाले, "मावशी, आपण नंतर बोलू."

"नंतर काहून? आत्ता वाचलं ना, आत्ताच बोला."

सर ट्रस्टी साहेबांच्या हातातल्या सर्टिफिकेटकडे बघत राहिले. वच्छलाबाईंनी दुसरा बोल्ट सैल केला. झाड किंचित कललं. पुढच्या रांगेतली दोन पोरं ओरडली.

"कोनी तरी धरा," त्या कुणालाच न बघता म्हणाल्या. "नाईतं अजून माह्याच नावावर पडन."

मी माईक ठेवला आणि जाऊन झाड धरलं. यात शौर्य काही नव्हतं. मी सर्वांत जवळ होते, आणि नुसतं बघत उभं राहणं आता मला जमतच नव्हतं. पुढच्या रांगेतला एक पालक चढून आला. तिसरा बोल्ट सुटला. आम्ही दोघांनी झाड उचलून, दिव्यांसकट, स्टेजवर आडवं केलं. वच्छलाबाईंनी तवा, पाय, कडं तसंच ठेवलं. दोन पायांच्या मधून आपली बादली ओढून काढली, पाण्यासकट कमरेवर घेतली आणि मधल्या वाटेने निघून गेल्या. वाटभर पाणी सांडत गेलं. गेटवर गोविंदाने त्यांना अडवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या शाळेत आल्या नाहीत. कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं सगळं संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर फिरत होतं. कामिनी मॅडमनी मला बोलावलं. "तुम्ही तिथे होतात. काय झालं ते लिहून द्या. कार्यक्रमात गोंधळ, वरिष्ठांचा अपमान, शाळेच्या वस्तूची नासधूस."

मी म्हटलं, "लिहिते. पण मागच्या वर्षीपासून लिहिते."

मी त्यांच्या टेबलापाशी बसूनच दोन पानं लिहिली: वच्छलाबाईंनी झाड हलतंय असं सांगितलं होतं, सरांनी काय उत्तर दिलं, मी ते ऐकलं होतं, आणि ऐकूनही मी सही केली. खाली नाव, तारीख. एक प्रत स्वतःकडे ठेवली. मॅडम म्हणाल्या, "याचा तुम्हाला त्रास होईल." मी म्हटलं, होऊ द्या.

मग मी इतवारीत देवरावांकडे गेले, स्टँडची गोष्ट ऐकली आणि वच्छलाबाईंच्या घराचा पत्ता घेतला. नंदनवनच्या झोपडपट्टीला लागून दोन खोल्या. दार उघडंच होतं. त्या भाजी निवडत होत्या. या म्हणाल्या नाहीत, बसा म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्याच्या आत उभी राहिले आणि ती दोन पानं पुढे केली.

त्यांनी ओल्या हाताने घेतली आणि वाचली. सावकाश, एकेक ओळ.

"म्हंजे आयकलं होतं तुमी."

"हो."

"मले वाटे, आयकलं नसन. मी म्हनो, मॅडम चिठ्ठ्या लावून राहिल्या होत्या, ध्यान नसन. वर्षभर तसंच धरून होती मी." त्यांचा आवाज चढत गेला. "आयकलं होतं! मंग सही काहून केली?"

मी पर्यवेक्षकाच्या जागेचं सांगितलं. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.

"भेटली का जागा?"

"नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "माह्या पोरीच्या लग्नात पोळ्या लाटता नाई आल्या मले. हात वळत नव्हता. लोकं विचारत, काय झालं? मी काय सांगू, झाड पाडलं म्हनून कागद आहे माह्या नावाचा? अंगठा आहे खाली! माहा, सातवी पास बाईचा! आन् तुमी मराठी शिकवता पोट्ट्याईले. काय शिकवता?"

मी उभीच होते. शेजारची बाई दारात येऊन बघून गेली. वच्छलाबाई बराच वेळ बोलत राहिल्या. शेवटी दम लागला तेव्हा मी विचारलं, "आता काय करायचं?"

"तो मेमो मागं घ्या. कागदावर. मराठीत. झाड काहून पडलं तेही लिवा. मंग येतो मी कामावर. नाईतं मी हा तुमचा कागद घेऊन कुठी जायाचं ते पाहीन."

ट्रस्टने जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बैठक घेतली. माझी दोन पानं, पालकांच्या ग्रुपवरचा गलका आणि स्वतः ट्रस्टी साहेबांना स्टेजवर वाटलेली लाज, यांतलं नेमकं काय कामी आलं मला माहीत नाही. आधी निरोप आला की सव्वीस जानेवारीला वच्छलाबाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. मी तो घेऊन गेले.

"शाल पांघरून त्याच्याखाली मेमो झाका म्हना," त्या म्हणाल्या. "नाई पायजे."

मग इंग्रजीत एक पत्र आलं, त्यात शाळेला खेद वाटतो असं होतं. त्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि परत पाठवलं. तिसऱ्या वेळी मराठी पत्र आलं: मेमो रद्द करण्यात येत आहे, झाड बादली अस्थिर असल्याने पडले, श्रीमती वत्सलाबाई यांनी त्याची पूर्वसूचना दिली होती. त्यांनी बोट ठेवलं. "वत्सला कोन आहे?" क्लार्कने नाव शुद्ध करून टाकलं होतं. तेही परत गेलं. चौथ्या वेळी सगळं बरोबर आलं, तेव्हा त्या प्रिन्सिपलच्या खोलीतच उभ्या राहून मोठ्याने वाचून मोकळ्या झाल्या. कामिनी मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

ऋषिकेश सरांनी सर्टिफिकेट परत केलं, असं म्हणतात. माफी मागितली नाही. मार्चमध्ये दुसऱ्या शाळेत गेले. यंदा ट्रस्टी साहेबांचं झाड पुन्हा येणार आहे, आणि मॅडमनी वच्छलाबाईंना विचारलं, ती बादली तेवढी आणाल का. त्या म्हणाल्या, बादली घरी आहे, माही आहे. दुसरी पायजे असन तं देवरावच्या दुकानात जाऊन सांगा, कोनासाठी पायजे ते नीट लिवून द्या.

माझ्याशी त्या कामापुरतं बोलतात. खडू हातात देतात, आपटत नाहीत. परवा थंडी वाढली तेव्हा मी विचारलं, "मनगट कसं आहे?"

"दुखते," त्या म्हणाल्या आणि बादली-पोतेरं उचलून दुसऱ्या मजल्यावर गेल्या.